तालीम मास्तर गेले, मालिका आल्या

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांची टवाळी करणे हा सुशिक्षित मराठी माणसाचा आवडता उद्योग आहे, आणि ती टवाळी सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. एका थपडेचा आवाज तीन वेळा ऐकविणाऱ्या, एका वाक्याने मिटेल असा गैरसमज वर्षभर जपून ठेवणाऱ्या आणि कथानक अडले की सुनेला जिन्यावरून पाडणाऱ्या या कथांची वकिली कोण करणार? तरीही या मालिकांच्या चित्रीकरणस्थळी एक काम नकळत होत आले आहे. त्याची दखल टीकाकारांनी घेतलेली नाही आणि निर्मात्यांनाही त्याची फारशी जाणीव दिसत नाही. मराठी मालिकेच्या घरात आजी-आजोबा असतात. कथेच्या गरजेपेक्षा प्रेक्षकांच्या घरातील आजी-आजोबांना धरून ठेवण्यासाठी ते असतात, हे खरे. पण त्या भूमिका रंगभूमीवर तीस-चाळीस वर्षे घालविलेल्या नट-नटींकडे जातात. त्यामुळे महाविद्यालयीन एकांकिकांतून थेट नायक झालेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा वर्ष-दोन वर्षे सत्तरीतल्या कलावंतासमोर जवळजवळ रोज उभा राहतो. अभिनय शिकण्याची इतकी दीर्घ आणि इतकी निकटची संधी देणारी दुसरी जागा आज महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

पूर्वी ती होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून पुढील अर्धशतक मराठी नट घडला तो नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात. कंपनीत दाखल झालेला पोरगा आधी पडेल ते काम करी, मग गर्दीत उभा राही, मग दोन वाक्यांचा दूत होई. वर्षानुवर्षे विंगेत उभे राहून थोरांची कामे पाहणे हाच त्याचा अभ्यासक्रम. तालीम मास्तर हे त्या व्यवस्थेतील अधिकाराचे पद होते. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल यांची कीर्ती नाटककार म्हणून जेवढी होती, तेवढीच तालीम मास्तर म्हणूनही होती. गणपतराव बोडस आणि बालगंधर्व यांच्यासारखे नट त्यांच्या शिकवणीतून गेले. शब्द कोठे तोडावा, कोठे उचलावा, दुसरा बोलत असताना हाताचे काय करावे, या गोष्टी तेथे घोटून घेतल्या जात. ती व्यवस्था रम्य होती असे मानण्याचे कारण नाही. तिच्यात उपासमार होती, मारझोडही होती आणि कित्येक मुलांचे बालपण तिने खाल्ले. पण कसब एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाण्याची वाट तिच्यात होती.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि त्यानंतर काही वर्षांतच कंपन्यांची बिऱ्हाडे एकामागून एक उठली. पुढे राज्य नाट्यस्पर्धा आल्या, ‘रंगायन’सारख्या संस्था आल्या, व्यावसायिक नाटकांचे दौरे आले. दौऱ्याच्या बसमध्ये रात्र काढताना कनिष्ठ नटाला जे ऐकायला मिळे तेही एक प्रकारचे शिक्षणच होते. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून दिल्लीत आहे, पुण्याच्या व मुंबईच्या विद्यापीठांतही नाट्यशिक्षणाचे विभाग आहेत. परंतु तेथे प्रवेश मिळतो तो मोजक्यांना. मालिकांना दरवर्षी जितके नवे चेहरे लागतात, त्यांतील बहुतेकांनी यांपैकी कशाचाही उंबरा ओलांडलेला नसतो. त्यांचे शिक्षण होते ते पहिल्या दिवशी, दिव्यांच्या झोतात, यंत्र चालू असताना.

अशा वेळी शेजारी कोण उभे आहे याला फार महत्त्व येते. २००८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ‘अग्निहोत्र’ ही मालिका या दृष्टीने आठवण्याजोगी आहे. श्रीरंग गोडबोले यांचे लेखन आणि सतीश राजवाडे यांचे दिग्दर्शन असलेल्या या मालिकेत विखुरलेल्या घराण्याचे धागे जुळवू पाहणाऱ्या नील या तरुणाची भूमिका सिद्धार्थ चांदेकर याच्याकडे आली, तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता. त्याच्याभोवती विक्रम गोखले, डॉ. मोहन आगाशे, मोहन जोशी, विनय आपटे, शरद पोंक्षे असा मेळा होता. मृण्मयी देशपांडे, स्पृहा जोशी याही त्याच मालिकेतून पुढे आलेल्या. ज्या कथेत तरुण पात्र वडीलधाऱ्यांकडे घराण्याची हकीकत विचारत फिरते, त्या कथेत त्या पात्राचे मुख्य काम ऐकण्याचे असते. आणि ऐकणे हा अभिनयातील सर्वांत अवघड भाग. बोलण्याला शब्दांचा आधार तरी असतो. ऐकणारा नट उघडा पडतो. नवखा मुलगा समोरच्याचे वाक्य कधी संपते याची वाट पाहत असतो आणि कॅमेऱ्याला ते नेमके दिसते. समोर गोखले असले तर ही वाट पाहणे फार लांबत असे, कारण वाक्याच्या मधोमध थांबून शांतता तोलून धरणे हे त्यांचे प्रसिद्ध वैशिष्ट्य होते. ती शांतता भरून काढण्याचा मोह आवरणे हाच धडा. तो शब्दांनी देता येत नाही.

गोखल्यांची वंशावळ पाहिली तर या प्रश्नाला आणखी एक बाजू दिसते. त्यांची पणजी दुर्गाबाई कामत आणि आजी कमलाबाई या दोघींनी दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कामे केली. वडील चंद्रकांत गोखले बालवयातच नाटक कंपनीत गेले. स्वतः विक्रम गोखल्यांनी विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये मुख्य भूमिका केली. म्हणजे शतकाच्या आरंभीची नाटक कंपनी, फाळक्यांचा मूकपट, विजयाबाईंची तालीम आणि २००८ मधील मालिकेचा संच यांच्यात अंतर होते ते एका घराण्याचे. नीलची भूमिका करणाऱ्या मुलाने यांतले काही वाचलेले असो वा नसो, ते सगळे त्याच्यासमोर खुर्चीवर बसून चहा घेत होते. गळ्याच्या दुखण्यामुळे २०१६ मध्ये गोखल्यांना रंगभूमी सोडावी लागली. आवाज प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे शक्य नव्हते. छोट्या पडद्यावर मात्र ते राहू शकले आणि २०२२ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, ‘तुझेच मी गीत गात आहे’ या मालिकेत त्यांनी संगीताच्या पंडिताची भूमिका केली. रंगमंचाने निरोप दिलेल्या नटाला तरुणांबरोबर काम करण्याची जागा राहिली ती या हिणवलेल्या माध्यमात.

रोहिणी हट्टंगडी यांचे उदाहरण निराळ्या प्रकारचे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली शिकलेली, १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळविलेली ही अभिनेत्री २००१ पासून ‘चार दिवस सासूचे’ या अखंड चाललेल्या मालिकेत राहिली. पुढे २०१३ ते २०१६ या काळात ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये ‘आई आजी’ झाली. तेथे तेजश्री प्रधान आणि शशांक केतकर ही तरुण जोडी नायक-नायिकेच्या जागी होती आणि घरात सासवा सहा. नायिकेवर प्रकाश असला, तरी त्या सहा जणींना पडद्यावर काहीच न करता जागा कशी भरायची हे ठाऊक होते. गर्दीच्या दृश्यात स्वस्थ उभे राहून कसे दिसावे, ही गोष्ट नवोदित नायिकेला कोणत्या शिबिरात शिकायला मिळणार? तेजश्री प्रधान २०१९ मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’त आल्या तेव्हा त्यांच्यासमोर निवेदिता सराफ, गिरीश ओक आणि रवी पटवर्धन होते. रिझर्व्ह बँकेची नोकरी सांभाळून नाटके केलेले पटवर्धन त्या वेळी ऐंशीच्या पुढे होते. रत्नाकर मतकरींच्या ‘आरण्यक’मधील धृतराष्ट्राची भूमिका त्यांनी नाटक नव्याने आले तेव्हा याच वयात पुन्हा उभी केली होती. कचेरीतून सुटून तालमीला धावणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

या शिक्षणाचे तपशील बाहेरच्याला किरकोळ वाटतील. चित्रपटात दिवसाकाठी दोन-तीन मिनिटांचे काम झाले तरी समाधान मानतात. मालिकेत अर्ध्या तासाच्या भागासाठी सुमारे बावीस मिनिटांचा मजकूर लागतो आणि जवळजवळ तेवढा मजकूर एका दिवसात उरकावा लागतो. त्या घाईत नवा नट फक्त आपली वाक्ये पाठ करतो. नाटकातून आलेला नट आधी पूर्ण प्रवेश वाचतो, कारण आपले वाक्य कशाचे उत्तर आहे हे कळल्याशिवाय त्याला ते बोलता येत नाही. तरुण कलावंताचा क्लोजअप घेताना समोरचा नट पडद्यावर दिसत नसतो. त्या वेळी खोलीत जाऊन बसावे आणि सहायकाने त्याची वाक्ये सपाट स्वरात वाचून दाखवावीत, हा रिवाज रुळला आहे. जुन्या मुशीतला नट मात्र कॅमेऱ्याच्या मागे उभा राहतो आणि आपण दिसणार नाही हे ठाऊक असूनही तेवढ्याच जीवाने वाक्य देतो. सहकाऱ्याला वाक्य देणे हे कर्तव्य आहे, ही समज कंपनीच्या काळापासूनची. एका तरुण नटाला एकदा ती वागणूक मिळाली की तो स्वतः कसा वागेल हे बहुधा ठरून जाते. याखेरीज काही शिकवण व्यवहाराची. मालिकेतील कामाचे पैसे हाती पडायला नव्वद दिवस लागतात, काम संपल्यावर पुढचे कधी मिळेल याचा भरवसा नसतो, तेव्हा पहिल्या लोकप्रियतेच्या वर्षी मोटारीचे हप्ते सुरू करू नयेत, असा सल्ला देणारे माणूस शेजारी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. साबण उत्पादकांच्या पैशांवर वाढल्यामुळे ‘सोप ऑपेरा’ हे नाव ज्यांना पडले, त्या अमेरिकेतील मालिकांतही हेच घडत आले. ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका २ एप्रिल १९५६ रोजी सुरू झाली. तिचे पहिले वाक्य बोलणारी हेलन वॅग्नर मधले काही खंड वगळता २०१० मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्याच भूमिकेत राहिली. १९८५ च्या सुमारास त्या संचात ज्युलियन मूर ही तरुणी आली. पुढे ऑस्कर मिळविणाऱ्या या अभिनेत्रीने तेथे तीन वर्षे दोन सावत्र बहिणींच्या दुहेरी भूमिका केल्या, आणि २०१० मध्ये मालिका बंद होण्याच्या बेतात असताना ती एका छोट्या प्रवेशासाठी परत आली. तिच्यासारखीला परत यावेसे वाटले, यावरून ती जागा तिच्या लेखी केवळ उमेदवारीतली अडचण नव्हती एवढे दिसते.

कोणी म्हणेल, ज्येष्ठांकडून शिकायचे म्हणजे त्यांच्या खोडी उचलायच्या. या आक्षेपात तथ्य आहे. बालगंधर्वांच्या नकला करणाऱ्यांनी मराठी संगीत रंगभूमीचे किती नुकसान केले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आजही काही जुने नट कॅमेऱ्यासमोर शेवटच्या रांगेसाठी बोलतात, डोळे गरगर फिरवतात आणि तरुणाने कमी केले तर ‘जोर नाही’ म्हणून नाक मुरडतात. कॅमेरा नव्या पिढीला अधिक कळतो. आपल्यावर प्रकाश कोठून येतो, भुवई किती उचलली की पुरे, हे ती लहानपणापासून पडदे पाहत शिकली आहे. शहाणे ज्येष्ठ तिच्याकडून ते घेतात. दुसरा दोष आदराच्या प्रदर्शनाचा. चित्रीकरणस्थळी प्रत्येक वडीलधारी व्यक्ती ‘सर’ किंवा ‘ताई’ असते, सकाळी वाकून नमस्कार होतो, गुरुपौर्णिमेला छायाचित्र निघते, आणि त्यांच्या प्रवेशाची वेळ आली की नमस्कार करणारा मान खाली घालून भ्रमणध्वनीत बुडालेला असतो. पाया पडण्याने कसब हाती येत असते तर प्रत्येक शाळेतील विद्यार्थी गणितात पारंगत झाले असते. हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

ज्येष्ठ नसले तर काय होते, हे २०२० मध्ये दिसले. टाळेबंदीनंतर चित्रीकरणास परवानगी देताना राज्य शासनाने पासष्ट वर्षांवरील कलावंतांना व तंत्रज्ञांना मज्जाव केला. हेतू त्यांच्या रक्षणाचा होता. पण इतर व्यवसायांत या वयाच्या माणसांवर अशी सरसकट बंदी नसताना केवळ याच लोकांनी उपजीविका सोडून घरी बसावे, हे मुंबई उच्च न्यायालयाला पटले नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने ती अट रद्द ठरविली. न्यायाचा भाग रास्त होता. धोका मात्र खराच होता. साताऱ्यात ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेचे चित्रीकरण चालू असताना आशालता वाबगावकर यांना करोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले. ‘मत्स्यगंधा’तील सत्यवती गायिलेली ही गोव्याची अभिनेत्री एकोणऐंशीव्या वर्षी कामावर होती. उतारवयात काम करणाऱ्या कलावंतांपैकी कित्येकांना कलेच्या ओढीइतकीच चरितार्थाचीही निकड असते, हे त्या वर्षाने स्पष्ट केले. निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय खर्चाची भरपाई ही अक्षरे कारकुनाला आणि शिक्षकाला परिचयाची. नटाच्या कोशात ती नाहीत.

आणि आता बंदी न घालताही ज्येष्ठ नाहीसे होऊ लागले आहेत. एका मालिकेची दोन पथके दोन ठिकाणी चित्रीकरण करतात. संहितेची पाने त्या दिवशी सकाळी, कधी प्रवेशाच्या तासभर आधी, व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. एकत्र वाचनाचा प्रश्नच उद्भवत नाही. नायिकेची निवड करताना समाजमाध्यमांवर तिला अनुसरणारे किती, हे पाहिले जाते. मालिकेचा आकडा खाली आला की खर्चाला कात्री लागते, आणि ती पहिल्यांदा लागते ती आजोबांना. ते काशीयात्रेला जातात, गावच्या घरी जातात, कधी भिंतीवरील तसबिरीत जातात. लेखकाला त्यासाठी एकच वाक्य लिहावे लागते. दुसरीकडे, नायक-नायिकेच्या स्वतंत्र खोल्या झाल्याने प्रवेशांच्या मधला वेळ, जो एकेकाळी एकाच ओसरीवर बसून गप्पांत जात असे, तो आता दाराआड जातो. खरी तालीम त्या रिकाम्या वेळातच होत होती. नव्या कारकुनाला टिपणी कशी लिहावी हे नियमपुस्तकाने कधी शिकविले नाही. दुपारचा डबा खाताना शेजारच्या अव्वल कारकुनाने ते शिकविले. टेबले संगणकाच्या पडद्यांमागे गेल्यावर तेथेही हीच तुटातूट झाली आहे.

याला उपाय मोठे नाहीत. बारा तासांच्या पाळीतील पहिला अर्धा तास त्या दिवसाच्या प्रवेशांच्या एकत्र वाचनासाठी राखून ठेवणे कोणत्याही निर्मात्याला परवडेल. वाचलेल्या प्रवेशाला चित्रीकरणात कमी वेळ लागत असल्याने तो अर्धा तास बहुधा दुपारपर्यंत वसूलही होतो. पाने आदल्या संध्याकाळी देणे हे लेखकाच्या नव्हे, तर वाहिनीच्या हातात आहे, कारण शेवटच्या क्षणी बदल मागते ती वाहिनीच. ज्येष्ठ कलावंताशी करार करताना महिन्यातील किमान दिवसांची हमी द्यावी आणि त्यांच्या पैशांना नव्वद दिवस लावू नयेत, ही मागणी कलावंतांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. आजवर त्यांचा जोर तरुणांच्या तासांवर राहिला आहे. क्लोजअपच्या वेळी समोरच्या नटाने स्वतः वाक्ये द्यावीत, असा नियम कागदावर आणण्याची गरज पडावी हे लाजिरवाणे असले, तरी तो आणावा. एका ज्येष्ठ नटाचे महिन्याचे मानधन वाचविण्यासाठी आजोबांना काशीला धाडणारी मालिका त्याच आठवड्यात नायिकेच्या वाढदिवसाच्या प्रसंगासाठी नवा बंगला भाड्याने घेते, तेव्हा प्रश्न पैशांचा आहे असे तिने सांगू नये.